वारा संपावर गेला तेव्हा

संपाबद्दल हल्ली बरेच जण बोलतात. त्यातल्या निम्म्यांनी गिरणीचा भोंगा ऐकलेला नसतो आणि उरलेल्यांचं बोलणं मोर्चे, पुढारी आणि पोलीस यांच्या पुढे सरकत नाही. मला विचाराल तर संप म्हटलं की मला दुपार आठवते. परळच्या भोईवाड्यातल्या आमच्या चाळीची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, लादीवर खडूनं काढलेला समुद्र, कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेल्या काडेपेट्या, आणि त्या काडेपेट्यांकडे मान वर करून बघत बसलेला माझा दादा. लोकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, मी थट्टा करतेय.

एरवी आमच्या चाळीत पुरुष पाळीपाळीनं असायचे. एकजण रात्रपाळी करून येऊन आडवा व्हायचा, तेव्हा दुसरा डबा घेऊन जिना उतरत असायचा. संपात सगळे एकदम घरी आले आणि पहिले काही आठवडे गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पत्ते, कॅरम, चर्चा, भांडणं, सगळं एकाच वेळी. मग ज्यांची गावी थोडीफार जमीन होती ते एकेक करून कोकणात नाहीतर घाटावर निघून गेले आणि गॅलरी मोकळी झाली. आम्ही गेलो नाही. आमचं गाव मालवणकडचं, पण वडील वारल्यावर तिथं आपलं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. खोलीत आई, दादा आणि मी, तिघंच. दादा साचेखात्यात होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात स्वतःला फार शहाणी समजत होते.

दादा मुळात बोलका. साच्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे जेवायला बसला की मीठसुद्धा ओरडूनच मागायचा. संप लांबत गेला तसा त्याचा आवाज खाली येत गेला, आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं की हा बोलतच नाही. काही विचारलं की मान हलवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. आई त्याच्याकडे बघायची आणि काही न विचारता भाकरी थापायची. त्या दोघांच्या गप्प बसण्यानं माझा जीव नुसता गुदमरायचा.

माझी कॉलेजातली मैत्रीण शिवाजी पार्कला राहायची. वडील निवृत्त प्राध्यापक, घरात पुस्तकांची कपाटं आणि बोलण्यात पुण्याची इस्त्री. तिचा मामा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. एका सफरीहून येताना त्यानं तिच्यासाठी एक खोका आणला. आत एक इंग्रजी पुस्तक आणि मूठभर फासे. फासेही साधे नव्हेत. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, एक तर वीस बाजूंचा. खेळ असा की एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपल्यावर प्रसंग आला की आपण काय करणार ते सांगायचं आणि फासा टाकायचा. फासा म्हणेल तसं घडायचं. तिच्या शेजारच्या मुलींना यात काही राम वाटला नाही. मी म्हटलं, आमच्याकडे घेऊन ये, आमच्याकडे वेळच वेळ आहे.

गोष्ट चालवायची म्हणून तिला आम्ही पंच म्हणायला लागलो. मी एक खेळाडू. दुसरा दादाचा शाळेपासूनचा मित्र, प्रभादेवीचा कोळी. बापाच्या होडीवर पहाटेच जायचा, दुपारी झोप सोडून आमच्याकडे यायचा, आणि येताना कागदात बांधलेली मांदेली आईच्या हातात ठेवायचा. आई म्हणायची, "कित्याक आणतंस रे रोज?" आणि तो म्हणायचा, "तुमच्यासाठी नाय, मांजरीसाठी." आमच्याकडे मांजर नव्हती.

गोष्ट समुद्रावरची होती. एक अख्खं गाव तीन गलबतांत बसून पळालेलं, पोरंटोरं, भांडीकुंडी, कोंबड्या सगळं घेऊन. त्यांच्या मागावर डोंगरातल्या राजाच्या एअरशिप्स. आता एअरशिपला मराठीत म्हणायचं काय? मी रुबाबात हवाई जहाज म्हणून मोकळी झाले, तर कोळी म्हणाला, "मग आपली होडी लढणार काय? ते सांताक्रुझवरून उडालं की दिसत पण नाय." पंचानं पुस्तक वाचून खुलासा केला. ही विमानं नव्हेत. वर हलकी हवा भरलेला भला मोठा कापडी फुगा, खाली गलबताचंच धूड, आणि पुढे जायला शिडं. कोळ्यानं सरळ विचारलं की शिडं कशाला, मशीन का बसवत नाहीत, त्यांच्या होडीला तर कधीचं बसवलंय. पंच म्हणाली, जादूच्या जगात डिझेल नसतं.

तर अशी ती उडती गलबतं म्हणजे आमच्या काडेपेट्या. दोरीला चिमट्यानं दोरा लावून टांगलेल्या. खाली लादीवर आमची गलबतं म्हणून दादाचे जुने धोटे. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखाच दिसतो. शेजारच्या मावशी मध्येच ओला परकर वाळत घालून जायच्या आणि शत्रूचं अर्धं आरमार त्याच्यामागे लपायचं. पंच गंभीरपणे म्हणायची, ढग आलेत. अजूनही कुणाच्या गॅलरीत ओले कपडे दिसले की मला हसू येतं.

दादाला खेळात ओढायचं म्हणूनच हा सगळा खटाटोप होता. पंच त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही काही करू नका. नुसतं हवामान बघा. आमच्या गलबतावर हवामान बदलणारा एक जादूगार हवाय." दादानं खांदे उडवले आणि भिंतीला टेकून बसला. कोळी म्हणाला, "साचेखात्यातून हवामान खात्यात बदली झाली रं तुझी. साहेब झालास." दादा हसला. फार नाही, ओठांच्या एका कोपऱ्यात. आत स्टोव्हला पिन मारत असलेल्या आईचा हात थांबलेला मला दिसला.

पुस्तकातून हवामानाच्या जादू वाचून त्यांचं मराठी करायचं काम माझ्याकडे होतं. वादळ, गारा, धुकं इथपर्यंत गाडी नीट चालली. पुढे होतं लाइटनिंग स्ट्राइक. मी बेधडक वाचलं, "विजेचा संप." त्या वर्षी परळमध्ये स्ट्राइकला दुसरा अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि मी म्हणे इंग्रजी साहित्य घेतलं होतं. पंच पोट धरून हसायला लागली. वीज कोसळणं गं बाई, वीज कोसळणं. पण दादा सरळ होऊन बसला.

"वीज संपावर जाते?" त्यानं विचारलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून सबंध वाक्य ऐकलं मी. "मग वारा पण जात असेल."

"वारा पडला म्हण की," कोळी म्हणाला. "आमी तसंच म्हणतो."

"पडला वेगळं," दादा म्हणाला. "पडतो तो आपोआप. हा स्वतः थांबेल. सांगून."

पंचानं हसणं आवरलं. तिची ही गोष्ट मला फार आवडायची, समोरच्याचं बोलणं तिला पटलं की पुस्तक बाजूला ठेवायची. तिनं दादाची जादू मंजूर केली, पण फुकट नाही. वारा थांबला तर तो दोघांसाठीही थांबणार. त्यांची उडती गलबतं जागच्या जागी लटकणार आणि आमची पाण्यावर खिळून राहणार. आपलं पाणी संपत जाणार, त्यांच्या फुग्यातली हवा संपत जाणार. कुणाचं आधी संपतं ते फासा सांगेल. आणि जोवर वारा संपावर आहे तोवर हवामानवाल्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही. तोंडातून शब्द निघाला किंवा मान हलली की वारा सुटला. दादानं विचार केला, मांडी घातली, डोळे मिटले. मी मनात कपाळावर हात मारला. ज्याला बोलतं करायला एवढा घाट घातला, त्याला आता गप्प बसायचा परवानाच मिळाला.

पण ते गप्प बसणं निराळं होतं. त्यानंतरच्या दुपारी मी आयुष्यात विसरणार नाही. वारा थांबलेल्या समुद्रावर आम्ही काय काय केलं म्हणून सांगू. कोळ्यानं गलबतावरून गळ टाकून मासे पकडले आणि प्रत्येक माशाचं नाव पंचाला शिकवलं. मी गलबतावरची वैदू होते, ताप उतरवायचे, पोरांना गोष्टी सांगायचे. पंच दर फेरीला पाणी कमी करायची आणि आम्ही ते वाटून घ्यायचो. आणि मध्ये दादा, डोळे मिटून, ताठ. फेरी संपली की डोळे उघडायचा, भराभरा सगळं विचारून घ्यायचा, कोण आजारी, किती पाणी, वरच्यांचा फुगा किती सैल झाला, आणि पुढची फेरी सुरू झाली की पुन्हा गप्प. आम्ही त्या खेळात सुखी होतो. हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण होतो.

मग एके दिवशी दादाच्या खात्याच्या जॉबरनं, म्हणजे त्याच्या मुकादमानं, त्याला नाक्यावर गाठलं. काही माणसं हळूहळू कामावर परत जात होती, पोलिसांच्या गाडीतून, मागच्या गेटनं. जॉबरनं निरोप दिला की सोमवारपासून ये, तुझे साचे तुलाच मिळतील, नंतर आलास तर माझ्या हातात काही नसेल. जेवताना दादानं हे एका दमात सांगितलं आणि पुन्हा ताटात मान घातली. म्हणजे काय ते तिघांनाही कळत होतं. गेला तर घर चालेल, पण संपाला धरून बसलेल्या शेजाऱ्यांच्या दारावरून त्याला खाली मान घालून जावं लागेल. आणि दादासारख्या माणसाला ते झेपणार नाही. नाही गेला तर कदाचित पुन्हा कधीच साच्यावर उभं राहता येणार नाही. आईनं आमटीचा डाव पातेल्यात ठेवला. तिनं सांगितलं असतं जा, तर तो गेला असता. नको म्हटलं असतं, तर राहिला असता. हे ठाऊक असल्यामुळेच ती बोलत नसावी.

त्या शनिवारी दुपारी आम्ही खेळायला बसलो. पंचाला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिच्या मते लढाई फार रेंगाळली होती आणि त्यात जरा रंग भरायला हवा होता. दादा डोळे मिटून बसल्यावर तिनं आवाज बदलला.

"वरच्या सगळ्यात मोठ्या गलबतातून एक दोर खाली येतो," ती म्हणाली. "दोरावरून त्यांचा सरदार उतरतो आणि हवामानवाल्याच्या कानाशी बोलतो. वारा परत सोड. बाकीच्यांचं आम्ही बघून घेऊ, तुझं एकट्याचं गलबत सुखरूप जाऊ देतो. तुला आमच्याकडे कामही देतो, हेच, वाऱ्याचं."

कोळ्याला सगळं माहीत होतं. तो आपल्या पायांच्या बोटांकडे बघायला लागला. मी म्हटलं, "जरा चहा घेऊया का आपण?" पण पंच रंगात आली होती.

"लवकर सांग. गप्प राहिलास तर तुझा होकार धरू."

पेच तिनं खेळातला म्हणून टाकला होता आणि खेळातला म्हणून तो अव्वलच होता. नाही म्हणायचं तर बोलायला हवं, आणि बोललं की वारा सुटला. न बोलावं तर होकार. दादाचे डोळे मिटलेलेच होते. गळ्याची शीर तेवढी उडत होती. तिनं वीस बाजूंचा फासा हातात घोळवायला सुरुवात केली. मला तो तिच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला.

आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"तेका काय इचारतंस गो?" ती पंचाला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण गॅलरीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण मावशींनी डोकं बाहेर काढलं. "माझो झील जावचो नाय."

मालवणीतला झील म्हणजे मुलगा एवढं पंचाला कळलं, तरी ती गोंधळली. "काकू, पण तुम्ही खेळात नाही आहात."

"मी हयसरच आसय," आई म्हणाली आणि कप तिथंच, आमच्यामध्ये ठेवले.

पंच माझ्याकडे बघायला लागली. कोळी घसा साफ करून म्हणाला, "बरोबर हाय बाय. झील जहाजावर हाय तर आई बी जहाजावरच असणार ना? गावच्या गाव पळालंय म्हणतेस." पंचानं क्षणभर विचार केला, मग फासा खाली ठेवला. उत्तर मिळालं, ती म्हणाली, नाही असं मिळालं. आणि हवामानवाला स्वतः बोललेला नाही, तेव्हा वारा अजून संपावरच आहे. दादा फेरी संपेपर्यंत हलला नाही. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यानं हात उचलला नाही. फेरी संपली तसा उठला, खुंटीवरचा शर्ट चढवला आणि जिना उतरून गेला. अर्ध्या तासात परत आला, आईला म्हणाला, "सांगून इलय." आईनं मान डोलावली आणि त्याचा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला घेतला.

पंचाला बसस्टॉपवर सोडताना मी सगळं सांगितलं. ती भर रस्त्यात रडायला लागली. आधी सांगायचं ना, म्हणाली, मी ते दोरावरून उतरणं पुस्तकात नसताना घातलं. मी म्हटलं, घातलंस ते बरं झालं. तेव्हा मला खरोखरच तसं वाटत होतं. आईनं चार शब्दांत घराचा निकाल लावला होता आणि मला तिचा इतका अभिमान वाटत होता की तिला मिठी मारायचीही लाज वाटली.

लढाई पुढे आणखी काही दुपारी चालली. वरच्यांचे फुगे सैल पडत गेले आणि काडेपेट्या एकेक करून लादीवर उतरल्या. आमचंही एक गलबत तहानेनं गेलं. पंच कुणाची भीडभाड ठेवत नसे. उरलेली दोन किनाऱ्याला लागली. खेळ संपला, खोका शिवाजी पार्कला परत गेला, पंच लग्न होऊन परदेशी गेली. आमचा संप मात्र कुणी मागे घेतलाच नाही. तो हळूहळू लोकांच्या बोलण्यातून गेला. जे आत गेले होते त्यांच्याही हाती पुढे काही लागलं नाही, गिरणी बंद झाली आणि तेही बाहेर आले. आता तिथं काचेची इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर कॉफी मिळते. एकदा घेतली, बरी होती.

दादाला कोळ्यानं आपल्याकडे ओढलं. आधी जाळी दुरुस्त करायला, मग होडीवरही. नायलॉनच्या दोऱ्यांना तो सुरुवातीला शिव्या घालायचा, पुढे त्यात रमला. प्रभादेवीच्या किनाऱ्यावर बसून जाळं विणताना त्याचा आवाज पुन्हा चढला. मी बी.ए. झाले, शाळेत लागले, पोरांना इंग्रजी शिकवलं आणि स्ट्राइक शब्द आला की दरवेळी थोडी अडखळले.

आईला मात्र शेवटच्या वर्षांत त्या दुपारनं सोडलं नाही. मी भेटायला गेले की दादा घरात नाही असं बघून ती हळूच विचारायची, "मी त्या दिसा मधी बोललंय, ता बरा केलंय मां गो? तेच्या नशिबाक मी आड इलंय काय?" मी म्हणायचे, बरं केलंस, त्याच्या मनात होतं तेच तू बोललीस. तेवढ्यापुरतं तिचं समाधान व्हायचं. दादाला तिनं कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर, दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर, दादा आणि मी गॅलरीत बसलो होतो. मी त्याला हे सांगितलं. म्हटलं, तिच्या जिवाला उगाच घोर लागून राहिला होता, तुला तरी विचारायचं, तू सांगितलं असतंस. दादा बोटांवरचे जाळ्याचे वळ चोळत बसला.

"त्या शनिवारी सकाळीच मी जॉबरला हो म्हणून आलो होतो," तो म्हणाला. "सोमवारी जाणार होतो. तुम्हाला कसं सांगायचं ते कळत नव्हतं. खेळात डोळे मिटून बसायला मिळत होतं, म्हणून बसलो."

"मग त्या दिवशी खाली जाऊन काय सांगून आलास?"

"येत नाही म्हणून. तिनं सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं, माझो झील जावचो नाय. आता तिला खोटी पाडून मी त्या गाडीत बसणार होतो काय?"

"हे तिला कधीच सांगितलं नाहीस?"

"कशाला सांगू? तिला वाटलं, ती माझ्या मनातलं बोलली," दादा म्हणाला. "मग मी तेच माझ्या मनातलं करून टाकलं."